प्रति: दहा वर्षांच्या खाली नाहीच?

वर कुणीतरी विचारलंय की अमली पदार्थांच्या खटल्यांत न्यायाधीश दया दाखवून शिक्षा कमी का करत नाहीत. व्यावसायिक प्रमाण, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेइतका मोठा साठा, सिद्ध झालं की एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड ठरलेलाच आहे. कमाल वीस वर्षं. किमान शिक्षेखाली उतरायचा अधिकारच न्यायाधीशांना नाही.

आता वजनाचं गणित. हेरॉइनसाठी व्यावसायिक प्रमाणाची मर्यादा २५० ग्रॅम. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने फक्त शुद्ध अंश मोजायचा असं म्हटलं होतं. त्या खटल्यात माल चार किलोंहून जास्त, पण शुद्ध हेरॉइन साधारण साठ ग्रॅम. २०२० मध्ये हिरा सिंग निकालाने ते उलटवलं, आता भेसळीसकट सगळं वजन धरतात. भेसळीचा मालही लोकांचे जीव घेतो, त्यामुळे हे मला पटतं.

पण मग पिशवी पोहोचवणारा गरीब पोरगा आणि टोळीचा मालक, दोघांनाही किमान दहा वर्षंच! कलम ३२ब मध्ये टोळी, हिंसा, अल्पवयीन मुलांचा वापर हे शिक्षा वाढवायचे निकष दिलेत. कमी करायचा एकही नाही. संसदेने तिथे बदल करायलाच हवा.