कोकच्या जागी पऱ्हाटीचा कोळसा चालेल का?

वर्धेकर:
आमच्याकडे कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधावर पेटवतात, गुलाबी बोंडअळीमुळे शेतात ठेवता येत नाही, संध्याकाळी सगळ्या शिवारात नुसता धूर. आणि तिकडे लोखंड बनवायला दगडी कोळसा भाजून केलेला कोक जाळतात. मग पऱ्हाटीचाच कोळसा पाडून ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीला, कोकच्या जागी दिला तर? झाडाने हवेतून घेतलेला कार्बनच परत जाईल ना. कोणी प्लांटवर काम केलंय का?

भट्टीवाला:
भाऊ, बरीच वर्षं फर्नेसवर काढलीत म्हणून सांगतो, कोक पूर्ण काढून टाकता नाही येणार. कोक नुसता जळत नाही, वरचा सगळा माल तो तोलून धरतो आणि त्याच्या फटींतून गॅस वर जातो, लाकडी कोळसा तिथे भुगा होऊन बसेल. पण टुयरमधून, म्हणजे खालून गरम हवा सोडायच्या नळीतून, जी दगडी कोळशाची पावडर मारतात, टन लोखंडामागे साधारण दीडशे-दोनशे किलो, तिच्यात याला नक्की जागा आहे. निळ्या काचेतून आत बघितलं की पांढऱ्या उजेडात पावडरची काळी धार दिसते, तिथे ताकद लागत नाही, फक्त पटकन जळायला हवं.

शिमोगा_पुणे:
छोट्या भट्टीत पूर्ण चालतो की! ब्राझीलमधे मिनास जेराइसला निलगिरीच्या कोळशावर पिग आयर्न (भट्टीतलं कच्चं लोखंड) निघतं, आपल्या कर्नाटकातल्या भद्रावतीची भट्टीसुद्धा १९२३ला लाकडी कोळशावरच सुरू झाली. फक्त लाकूड लावलेल्या झाडांचं पाहिजे, जंगल तोडून केलं तर काय उपयोग. एक टन कोळशाला तीन-चार टन सुकं लाकूड जातं.

भट्टीवाला:
बरोबर आहे, मी मोठ्या फर्नेसचं बोलत होतो. पण पऱ्हाटीची खरी अडचण पोटॅश. कोळसा पाडला तरी ते बरंचसं आतच राहतं, भट्टीत साचत जातं, कोक ठिसूळ करतं, अस्तर खातं. लाकडात ते फार कमी असतं.

वर्धेकर:
दादा, धुऊन जाईल का?

भट्टीवाला:
बऱ्यापैकी जातं, कोळसा पाडायच्या आधी कुट्टी पाण्यात धुतली तर. पण मग ती परत वाळवायला लागते, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी कुठलं?

कापूसवाली:
आणि पऱ्हाटी गोळा कोण करणार? ट्रॉली भरलेली दिसते पण वजन काहीच भरत नाही, भाडंसुद्धा निघत नाही. शेतातच श्रेडर लावून कुट्टी केली तर अळीही मरते आणि गाडीत माल बसतो. आम्ही गावात सात-आठ जणी तयार आहोत, किलोला भाव काय मिळेल तेवढं कोणीतरी सांगा.