ससा हातात घेऊ देईना तेव्हा काय केलंत? तुमचे अनुभव लिहा

चादरीची_घडी
आज माळ्यावरच्या चादरी उन्हाला टाकल्या त्यात ती जुनी चॉकलेटी निघाली, कडेला चंद्रकोरीएवढी कुरतडलेली. आमच्या कापश्याचं काम. एकदम भरून आलं, म्हणून लिहायला बसले.
तो नवीन होता तेव्हा आम्ही दिवसातनं दहादा उचलायचो, प्रेमानंच, पोरं शाळेतनं आली की उचल, पाहुणे आले की उचल. तो अंगाचा दगड करायचा नाहीतर मागचे पाय असे झाडायचा की माझं मनगट सोलून निघायचं. होईल सवय म्हणत राहिलो, पण चाहूल लागली की हा दिवाणाखाली. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ताई, त्याला जमिनीवरनं उचललं की घारीनं धरल्यासारखं वाटतं, महिनाभर उचलूच नका. मग दुपारची भांडी झाली की ती चादर फरशीवर टाकून मी आडवी व्हायची, मुठीत कोथिंबिरीची काडी, त्याच्याकडं बघायचंच नाही. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी चादरीची कड ओढली गेली, आणि मग कोपराला ओलं गार नाक लागलं. मी श्वास धरून पडून होते. कपाळावर एक बोट फिरवू द्यायला अजून पंधरा दिवस, मांडीवर यायला दोन महिने.

शेंगाचटणी
नाकासमोर हात नेऊ नका, तिथलंच त्याला दिसत नाही, दचकतो. बाजूनं जायचं. बाकी संध्याकाळी लिहितो, दुकानात गर्दी आहे

जुळे_सोलापूरकर
आमची राणी पोराच्या हातातनं निसटायला बघत होती, हवेतच जोरात पाय झाडले आणि मागचे पाय गेले. मणका. सशाची हाडं लई नाजूक आणि पायात जोर फार, स्वतःच्याच झटक्यानं मोडू शकतं हे नंतर कळलं. पोराला आजपर्यंत सांगितलं नाही की नेमकं कशानं झालं. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि पोटाशी धरायचं, उतरवताना पण पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. कान धरून तर कधीच नाही. लहान पोरांनी खाली बसूनच घ्यावं.

चादरीची_घडी
दादा, वाचून पोटात कालवलं. पोराला नका सांगू.

होटगी_रोडची_काकू
आमचा उताणा धरला की अगदी गप पडतो, डोळे उघडे ठेवून. नखं तशीच कापते मी

शेंगाचटणी
काकू तसं नका करू, तो गप नाही, मेल्याचं सोंग घेतो भीतीनं. टर्किश टॉवेलात गुंडाळा, तोंड बाहेर, एकेक पंजा काढून कापा. टॉवेलाला आपल्या सोलापुरात काय तोटा

होटगी_रोडची_काकू
अगोबाई. मला वाटायचं आवडतंय त्याला. आजपासून बंद

गड्ड्याची_पोर
आम्ही होम मैदानाजवळ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आमची बिजली मागचा पाय धपधप आपटत बसते. आधी मी घाबरून उचलून छातीशी धरायचे, त्यानं अजूनच थरथरायची. आता खोक्याला भोक पाडून गवत भरून ठेवते आणि शेजारी नुसती बसते. दोन वर्षांनी स्वतःहून मांडीवर आली ती पण तसल्याच रात्री

चाळीतला_पक्या
ती चॉकलेटी चादर रफू करून घ्या ताई, टाकू नका. आमच्या आज्जीची वीस वर्षं झाली, रंग तसाच

चादरीची_घडी
रफू नाही करायची ओ, ते भोकच ठेवायचंय मला

विजापूर_रोड_९
एप्रिल-मेमध्ये मांडीवर घ्यायचा हट्ट नको. आपल्याकडं ४२-४३ होतं आणि सशाला तिशीच्या पुढंच जड जातं. कानातनं उष्णता बाहेर टाकतो तो, कान ओल्या हातानं पुसा, बाटलीत बर्फ करून शेजारी ठेवा. आंघोळ घालू नका. आणि एक, एरवी जवळ येणारा अचानक हात लावू देईना, खाणंही सोडलं, लेंड्या थांबल्या तर ते नखरे नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा

जुळे_सोलापूरकर
हे बरोबर. गाजर पण रोज नको, गोड असतं, गवत मुख्य

गड्ड्याची_पोर
दात बारीक कुरकुर वाजवते ती खूश म्हणून ना? हात फिरवताना बोटाला कळतं

शेंगाचटणी
हो, हळू वाजले तर खूश. मोठ्यानं करकर झाली तर दुखत असतं

गड्ड्याची_पोर
हळूच आहे. आत्ता पायावर हनुवटी टेकून पडलीय, तीन शिट्ट्या झाल्या कुकरच्या. आईला हाक मारते, मी काय उठत नाही