सकाळी पहिल्यांदा सुरू होताना आउटबोर्ड इंजिन फार त्रास देते

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत आमची साधारण वीस फुटांची फायबरची होडी आहे. तिच्यावर ९.९ अश्वशक्तीचे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचे आणि दोरी ओढून सुरू करायचे आउटबोर्ड इंजिन आहे, जे आम्ही चार वर्षांपूर्वी जुने म्हणून विकत घेतले होते. पावसाळ्यातल्या बंदीच्या दोन महिन्यांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, ते दरवर्षी पडवीत उभे करून ठेवलेले असते आणि यंदाही तसेच ठेवले होते.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात सोडल्यापासून पहाटे पहिल्यांदा सुरू करताना दहा-बारा वेळा दोरी ओढावी लागत होती. म्हणून एका मिस्त्रींकडून कार्बोरेटर उतरवून साफ करून घेतला आणि दोन्ही प्लग नवे टाकले, परंतु त्यानंतर त्रास कमी होण्याऐवजी वाढला आणि आता पंचवीस ते तीस वेळा ओढल्याशिवाय इंजिन बोलत नाही. नवल असे की एकदा सुरू होऊन पाच मिनिटे चालले की दिवसभर, अगदी जाळे ओढताना अर्धा तास बंद ठेवले तरी, पहिल्या किंवा दुसऱ्या ओढीला लागते, आणि वेग घेण्यातही काही कमी जाणवत नाही. ठिणगी मी स्वतः पाहिली आहे, ती निळी आणि ठसठशीत आहे. चोक पूर्ण ओढतो, हँडल सुरू करण्याच्या खुणेवर ठेवतो, गियर न्यूट्रलला असतो. ऑइल लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक, या प्रमाणात घालतो. टाकीत पावसाळ्यापूर्वीचे सात-आठ लिटर पेट्रोल शिल्लक होते, त्यात नवे दहा लिटर मिसळले.

वडिलांचा उजवा खांदा या ओढाओढीने दुखावला आहे. जेटीवरच्या एकाने सुचवले आहे की हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारावा, म्हणजे लगेच लागेल. ते करावे का, आणि मूळ दोष कुठे शोधावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनामिस्त्री

ईथरचा फवारा मारू नका, हे सर्वांत आधी सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात बेअरिंगला आणि पिस्टनला ऑइल मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळूनच. ईथर त्या ऑइलचा थर धुऊन टाकतो आणि शिवाय इतक्या लवकर पेट घेतो की पिस्टनवर उलटा दणका बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गरम असताना इंजिन पहिल्या ओढीला लागते, याचा अर्थ ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब) ही दोन्ही कामापुरती आहेत असे तूर्त धरून चालायला हरकत नाही. थंड आणि गरम इंजिनात फरक असतो तो मुख्यतः पेट्रोलची वाफ होण्याचा. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या आणि जड घटकांचे मिश्रण आहे, आणि थंड सिलिंडरमध्ये त्यातले फक्त हलके घटक वाफ होऊन पेटण्याजोगे होतात, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने कितीतरी जास्त पेट्रोल आत जावे लागते. चोक नेमके हेच काम करतो. तो हवेची वाट अडवतो आणि त्यामुळे कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त खेचले जाते. कोकणातल्या पहाटेला थंडी म्हणावी अशी थंडी नसते, तरीही रात्रभर उभे राहिलेले इंजिन हे या अर्थाने थंडच इंजिन असते.

म्हणून तुमच्या टाकीतल्या जुन्या पेट्रोलबद्दल मला शंका येते. दोन महिने हवा लागत राहिलेल्या पेट्रोलमधून आधी उडून जातात ते हलके घटकच, आणि असे पेट्रोल गरम इंजिनाला चालते पण थंड इंजिनाला चालत नाही. त्यात भर इथेनॉलची. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. इथेनॉलची वाफ व्हायला वजनामागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ते हवेतला ओलावाही ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी पडवीत पावसाळाभर श्वास घेत राहिली की आत पाणी येतेच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी खेचते तीही तळातूनच, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसते, त्यामुळे हा प्रश्न केवळ सुरू होण्याचा राहत नाही.

पुढील तपासण्या करून निकाल इथे लिहा. टाकीच्या तळातले अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी थर दिसतो का किंवा गढूळपणा आहे का ते पाहा. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा नळीवरचा रबरी फुगा दाबताना त्यावरचा बाण वर येईल असा उभा धरा, कारण त्याच्या आतल्या झडपा आडव्या स्थितीत नीट बसत नाहीत आणि मग कितीही दाबले तरी फुगा घट्ट होत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, तेही पाहा. (हा स्क्रू बंद राहिल्यामुळे भर खाडीत वल्ही मारत परत आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतला एक मीच होतो.) मग नेहमीप्रमाणे चोक ओढून दहा वेळा दोरी ओढा, दोन्ही प्लग काढा आणि ते कोरडे आहेत की पेट्रोलने ओले, एवढेच सांगा. ओले असतील तर ठिणगीकडे जायचे, कोरडे असतील तर पेट्रोलकडे. हा निकाल हाती येण्याआधी कुठलाही सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लग काढून ठिणगी पाहताना तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून, प्लगच्या छिद्रापासून दूर धरा. छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लगच्या दोन्ही वायरी इंजिनाच्या लोखंडाला टेकवलेल्या असाव्यात, मोकळ्या सोडून दोरी ओढल्यास सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळण्याचा धोका असतो.

मांडवीपार

मी गोव्यातून लिहीत आहे. इंजिन जुने घेतले आहे म्हणता, तर ते मुळात रॉकेलवरचे आहे का, हे एकदा तपासावे. मासेमारीसाठी अशी इंजिने आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. ती पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर न्यायची असतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणून कार्बोरेटरमधले रॉकेल संपवायचे असते. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ व्हायला साधारण ३५ अंशांच्या वर तापमान लागते, पेट्रोलची मात्र शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही होते. संध्याकाळी रॉकेलवरच बंद केलेले इंजिन पहाटे सुरू होईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. शिवाय या इंजिनांत कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले असते, हेही लक्षात असू द्यावे.

खाडीकाठ

दोघांचेही आभार. आमचे इंजिन पेट्रोलचेच आहे. त्याला रॉकेलची वेगळी टाकी किंवा बदलायची चावी नाही, आणि आधीच्या मालकांनाही विचारून खात्री केली.

बरणीत सकाळी तळाला सुमारे एक बोट जाडीचा गढूळ थर स्पष्ट दिसला. टाकी पूर्ण रिकामी करून आतून पुसून वाळवली, नळीतले आणि गाळणीतले पेट्रोल टाकून दिले, कार्बोरेटरच्या वाटीचा (जिथे पेट्रोल साठते ती) तळाचा स्क्रू काढून तीही रिकामी केली आणि सगळे नवे पेट्रोल घातले. दुसऱ्या पहाटे फरक पडला, परंतु पुरता नाही. तीसऐवजी अठरा-एकोणीस ओढी लागल्या.

फुगा बाण वर करून दाबल्यावर छान घट्ट झाला आणि घट्टच राहिला. इतकी वर्षे आम्ही तो आडवाच दाबत होतो. दहा ओढींनंतर काढलेले दोन्ही प्लग मात्र कोरडे ठणठणीत होते, हाताला पेट्रोलचा वासदेखील लागला नाही. मग घरच्या फवारणीच्या छोट्या बाटलीत ऑइल मिसळलेले थोडे पेट्रोल घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात दोनदा मारले, तर दुसऱ्या ओढीला इंजिन लागले आणि चालू राहिले. आता यावरून पुढे कुठे जावे?

वर्सोवाकर

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. गरम असताना लागते म्हणून कॉम्प्रेशन ठीक आहे, हे गृहीत धरणे मला पुरेसे वाटत नाही. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा थंड असताना नीट बसत नाहीत, आणि टू-स्ट्रोकमध्ये रीडच्या पात्या (हवा-पेट्रोल एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ झडपा) चिरलेल्या किंवा उघड्या राहिलेल्या असतील तर दोरीच्या संथ फेऱ्यांत पेट्रोल खेचायला ओढच मिळत नाही. ही दोन्ही दुखणी फेरे वाढले की झाकली जातात. दोन्ही प्लग काढून, वायरी लोखंडाला टेकवून आणि हँडल पूर्ण उघडून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मीटरवर मोजा. आकडा किती हवा ते त्या त्या मॉडेलवर अवलंबून असते, परंतु दोन सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांहून जास्त नसावा.

जुनामिस्त्री

वर्सोवाकरांचे म्हणणे रास्त आहे आणि मोजून घ्यावेच, कारण त्याला वेळ लागत नाही. माझे लक्ष मात्र तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातल्या 'चालू राहिले' या शब्दांवर गेले आहे. बाटलीतले पेट्रोल मारल्यावर इंजिन लागून दोन-तीन सेकंदांत मेले असते, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही असे म्हटले असते, आणि पेट्रोल पंपाचा पडदा, गाळणी किंवा नळीची जोडणी उघडायला सांगितले असते. ते चालू राहिले, म्हणजे वाटीत पेट्रोल आहे, नळ्या मोकळ्या आहेत आणि एकदा फेरे मिळाले की पेट्रोल खेचलेही जाते. कमी पडते ते फक्त सुरुवातीचे जास्तीचे पेट्रोल, आणि ते देण्याचे काम चोकशिवाय दुसरे कोणी करत नाही.

तुम्ही प्रश्नातच एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे, ती अशी की कार्बोरेटर साफ केल्यानंतर त्रास वाढला. पाणी मिसळलेले पेट्रोल हे ऑगस्टमधल्या दहा-बारा ओढींचे कारण असावे. पुढचे दुखणे त्यानंतरचे आहे. इंजिनाचे वरचे झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडावरचे हवेचे आवरण काढा, आणि दुसऱ्या कोणाला चोकची मूठ ओढायला सांगून तुम्ही आत बॅटरी मारून पाहा. मूठ पूर्ण बाहेर आली तरी आतली झडप पूर्ण मिटते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चोक चालतो असे म्हणू नये. मूठ आणि झडप यांच्यामध्ये एक बारीक सळई असते आणि ती बहुधा प्लास्टिकच्या चापात अडकवलेली असते. कार्बोरेटर परत बसवताना तो चाप चुकीच्या बाजूला बसला किंवा सुटला, तर मूठ नेहमीसारखीच हलते आणि बाहेरून काहीही कळत नाही. झडप मिटायला नुसती बोटभर फट राहिली तरी चोक असून नसल्यासारखाच.

झडप ठीक निघाली, तर मग संथ फेऱ्यांचा बारीक जेट पुन्हा साफ करावा लागेल. त्याचे भोक केसाएवढे असते, त्यात तार घालू नये, कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबानेच ते मोकळे करावे.

खाडीकाठ

चाप सुटलेलाच होता. मूठ पूर्ण ओढली तरी झडप जेमतेम अर्धी मिटत होती, आणि सळईचे टोक झडपेच्या दांडीला नुसते टेकून पुढे सरकत होते. चाप जागेवर बसत नव्हता, कारण त्याचा एक कोपरा तुटलेला होता. देवगडला नवा मिळाला नाही म्हणून रत्नागिरीहून मागवला, आणि तोपर्यंत तीन दिवस आवरण काढून झडप बोटानेच मिटवत होतो. त्या तीनही दिवशी इंजिन चौथ्या-पाचव्या ओढीच्या आत लागले. काल नवा चाप बसवला आणि आज पहाटे दुसऱ्या ओढीला खोकले, चोक अर्धा आत केल्यावर तिसऱ्या ओढीला लागले.

वर्सोवाकरांनी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्रेशनही मोजले. वरच्या सिलिंडरला १०५ आणि खालच्याला १०० पीएसआय आले.

एक शंका उरली आहे. पुढच्या मे महिन्यात इंजिन उभे करताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी की पूर्ण रिकामी?

जुनामिस्त्री

रिकामी. काठोकाठ भरण्याचा सल्ला इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या दिवसांतला आहे, आणि घरात भरलेली टाकी ठेवणे धोक्याचेही आहे. शेवटच्या दिवशी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवा, पेट्रोलची नळी काढून टाका आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे मीठही धुतले जाईल. पिंपात पाण्याची पातळी पाणी खेचण्याच्या जाळीच्या बरीच वर हवी, नाहीतर पंपाचा रबरी पंखा मिनिटभरात जळेल. नंतर वाटीचा तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंब जाऊ द्या, प्लगच्या छिद्रांतून चमचाभर ऑइल सोडा आणि दोरी सावकाश दोन-तीन वेळा ओढून ते आत पसरवा. टाकीतले पेट्रोल ऑइल मिसळलेले असल्यामुळे शेजाऱ्याच्या मोटरसायकलमध्ये घालू नका, ती धूर सोडत फिरेल. बंदीच्या आधीच्या आठवड्यात टाकी थोडी थोडीच भरत जा.

वडिलांच्या खांद्यासाठी आणखी एक सांगतो. दोरी एकदम हिसकू नये. आधी सावकाश ओढून आतला दात अडकल्याचे हाताला जाणवू द्यावे आणि मग एकाच दमात ओढावी.