रामदास कामतांना प्रत्यक्ष ऐकलेलं कोणी आहे का इथे?

सुरंगी (रत्नागिरी):
नमस्कार मंडळी. आई पंचाहत्तरीला आलीय, गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही, म्हणून तिला ब्लूटूथ स्पीकर आणून दिला आणि रामदास कामतांची नाट्यपदं लावून दिली. दोन पदं झाली नि म्हणाली बंद कर, हे तसं नाही. तसं म्हणजे कसं ते काही तिला सांगता येईना, एवढंच की 'मत्स्यगंधा'त ते पराशर म्हणून उभे राहायचे ना तेव्हा... आणि पुढे नुसता हात हलवला. मी ते नाटक बघितलेलं नाही. खरंच एवढा फरक असायचा, की तरुणपणी ऐकलेलं सगळंच गोड लागतं? आणि आता तिला तसं काही ऐकवायचं तर न्यायचं कुठे?

पायपेटी (राजापूर):
ताई, आईंचं बरोबर आहे. कामत आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या साखळीचे, १९३१ चा जन्म. गाण्याचं शिक्षण गोविंदराव अग्नी, मग जितेंद्र अभिषेकीबुवा यांच्याकडे. नोकरी एअर इंडियात, आणि नोकरी सांभाळून नाटकं! गोवा हिंदू असोसिएशनने १९६४ साली 'मत्स्यगंधा' आणलं, त्यातलं 'गुंतता हृदय हे' अजून प्रत्येक गाण्याच्या क्लासात घोटलं जातं. संगीत अभिषेकीबुवांचं, आणि बुवांनी त्यातली पदं मुद्दाम आटोपशीर ठेवली होती, गाण्यापायी नाटक खोळंबू नये म्हणून. पण मैफलीत तेच पद मोकळं सुटायचं, तिथे घड्याळ नाही.

मी हौशी साथीदार, उत्सवातल्या नाटकांना पायपेटीवर बसतो, त्यामुळे फरक कुठे पडतो ते जवळून दिसतं. गायक समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून तबल्याकडे बघतो, तबलजी ओळखतो की तालाचा अजून एक फेरा, आवर्तन, घेणार, आपण पायाने भाता भरून ठेवायचा पण सूर चढवायचा नाही. ही नजरानजर पुढच्या रांगेलाही कळते, सम यायच्या आधीच कोणीतरी "वाः" म्हणून जातं आणि त्या एका वाः वर गायक ठरवलं नव्हतं तिथे जाऊन येतो. स्टुडिओत ही वाः कोण देणार?

माडाखालचा (कणकवली):
सगळं मान्य, पण वन्समोअरचा उदो उदो नको राव. जुन्या नाटकांत एकेका पदाला चार चार वन्समोअर, नायिका रडता रडता डोळे पुसून परत पहिल्यापासून गायची, नाटकाचं पार खोबरं. आणि लाइव्ह म्हणजे चांगलंच असं कुठाय? गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला गेलो, माईकवाल्याने एको एवढा वाढवला होता की तान कुठली नि तिचा पडसाद कुठला कळेना, मध्यंतरात भजी खाऊन घरी आलो. त्यापेक्षा गो बाय, आवशीक घेवन हय ये, जत्रेक! कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्रभर दशावतार, आपलं कोकणातलं लोकनाट्य, पेटी, मृदंग आणि झांज, समोर चटईवर माणसं. राजाचं काम करणारा अस्सल नाट्यपदाच्या ढंगात गातो, ते पण आधी लिहिलेली संहिता नसताना.

खाडीपलीकडे (रत्नागिरी):
कणकवलीकरांनो, पंचाहत्तरीच्या बाईला रात्रभर चटईवर बसवता? सुरंगीताई, रत्नागिरीतच 'खल्वायन' संस्थेवाले मासिक मैफल करतात, संगीत नाटकंही बसवतात, तिथून सुरुवात करा. राज्य संगीत नाट्य स्पर्धा आपल्या सावरकर नाट्यगृहात बऱ्याचदा झालीय, ती लागली की सोडू नका, तिकीट अगदी किरकोळ असतं. कामत काही परत मिळायचे नाहीत, २०२२ च्या जानेवारीत गेले. पण कोवळी मुलं काय तयारीने गातात बघा एकदा. फक्त आईंना त्यांची तुलना कामतांशी करू देऊ नका, निदान मध्यंतरापर्यंत तरी 😀

सुरंगी (रत्नागिरी):
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. भजीवाल्या भागाला खूप हसली. मासिक मैफलीला येते म्हणाली, अटी दोन: खुर्चीला पाठ हवी आणि मी मध्येच फोन काढून शूटिंग करायचं नाही. पायपेटीकाका, तुमच्या उत्सवातलं नाटक कधी असतं तेही कळवा, गाडी देवळापर्यंत येते ना?