वहिनीची गर्भाची पिशवी काढायची म्हणतायत, वय फक्त ३१, काय करू?

केजची_लेक:
नमस्कार, इथं कुणी नर्स डॉक्टर असेल तर प्लीज सांगा. माझी वहिनी ३१ वर्षांची, दोन लेकरं, धाकट्याच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय. दादा आणि ती दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात कोल्हापूर साइडला. दोन वर्षं झाली तिचं अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, पाळी आठ आठ दिवस चालते. परवा एका खासगी दवाखान्यात नेलं तर सोनोग्राफी केली आणि म्हणले पिशवी खराब झालीय, काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. दसऱ्यानंतर टोळी निघणार, त्याच्या आत उरकून घ्या म्हणून घरचे मागं लागलेत, टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाढवून द्यायला तयार आहे. वहिनी स्वतःच म्हणते काढून टाकू, खाडा पडला की पैसे कापतात, एकदाची कटकट जाईल. मला झोप लागंना.

रिटायर_सिस्टर:
बाळा आधी थांबवा हे. पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा इन्फेक्शन, आतून तपासून गोळ्या द्यायच्या असतात, कधी कधी नवराबायको दोघांनाही. उसाच्या फडात पाणी नाही, संडास नाही, दिवसभर एकच कापड, मग इन्फेक्शन होणारच ना, आणि पिशवी काढली तरी फड तसाच राहतो. नुसत्या सोनोग्राफीवरून कॅन्सर होईल असं सांगता येत नाही, पिशवीच्या तोंडाची तपासणी वेगळी असते, पॅप स्मीअर म्हणतात. पाळीत जास्त जात असेल तर रक्त आणि थायरॉईड बघा, त्याला गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी वस्तूही बसवतात. पिशवी काढणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

ऊसतोड_बाई:
ताई मी मुलाकडून टाइप करून घेतेय. माझी २७ व्या वर्षी काढली, मला पण कॅन्सरच म्हणले होते. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली हे दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडून कळलं, आधी कुणी विचारलं नाही का सांगितलं नाही. त्याच वर्षी अंगातून वाफा निघायला लागल्या, घाम फुटायचा, जीव घाबरायचा, मग सांधे धरले. महिना दीड महिना जड उचलू नका म्हणले होते, मी पंधराव्या दिवशी फडात होते. मोळी उचलता यावी म्हणून काढली आणि आता मोळीच उचलत नाही. वहिनीला माझं हे वाचून दाखवा.

गोदाकाठ:
२०१९ ला आमदार नीलम गोऱ्हेंच्या सरकारी समितीनं बीडमधल्या ऊसतोड बायकांची माहिती गोळा केली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास १७, देशात तेव्हा हेच प्रमाण ३ च्या आसपास होतं. आजारच एवढा असता तर फक्त कोयत्यावरच्या बायकांनाच कसा होतो? त्याच वर्षी बीडमध्ये नियम झाला की खासगी दवाखान्यानं पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा परवानगीचा कागद कुठाय. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्येही असंच झालं, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २०२३ ला कोर्टानं सगळ्या राज्यांना हे रोखायला केंद्राच्या गाइडलाइन लागू करायला सांगितल्या.

केजची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. रिपोर्ट कॉलेजच्या मॅडमना दाखवला, त्यात पिशवीचा आकार नॉर्मल लिहिलाय, गाठ नाही. वहिनीला ऊसतोडवाल्या ताईंचं वाचून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली, मग रात्री म्हणली आपण अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला दाखवू. दादा पण तयार झाला. आई अजून धुसफुसतेय, उचल घेतलीय म्हणते.

रिटायर_सिस्टर:
छान. पाळी चालू नसताना न्या म्हणजे नीट तपासता येईल. सोनोग्राफी, जुन्या चिठ्ठ्या, सगळं बरोबर ठेवा, आणि दादाला बाहेर बसवू नका, आत येऊ दे, डॉक्टर काय म्हणतात ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकावं. उचल घेतली म्हणून ऑपरेशन करायलाच पाहिजे असं काही नसतं, आईला मी सांगितलं म्हणून सांग.