प्लायची मांडणी घरीच केलेल्यांनी अनुभव लिहा

दारं नाहीत, ड्रॉवर नाहीत. दोन उभ्या बाजू आणि मधे आडव्या फळ्या. अशी साधी मांडणी ज्यांनी स्वतः केली आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावं ही विनंती. मापं, जाडी, सांधा कसा केला, वर काय ठेवलंय, हे आलं तर नव्याने करणाऱ्याला खरा आधार होतो. सुरुवात मी करते.

माझी अख्खी मांडणी ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये बसली. उंची १८०० मिमी, रुंदी ८००, खोली ३००, प्लाय १८ मिमी. शीट २४४० बाय १२२० मिमीची असते. लांबीच्या दिशेने ३०० मिमीच्या चार पट्ट्या काढल्या. करवतीचं पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं, ते धरूनही चार पट्ट्या बसतात. दोन पट्ट्यांतून १८०० च्या बाजू निघाल्या. उरलेल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन फळ्या, ७६४ मिमीच्या. म्हणजे ८०० मधून दोन्ही बाजूंची जाडी ३६ वजा. सहा फळ्या, पाच कप्पे. कापाकापीचा नकाशा कागदावर काढून नेला आणि शीट घेतली तिथेच मोठ्या मशीनवर पट्ट्या करून घेतल्या. घरच्या करवतीने आठ फुटांचा काप सरळ येणं फार कठीण, म्हणून एवढं काम मशीनकडे द्यावंच असं माझं ठाम मत आहे. शिवाय अशा कापण्यामुळे वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीने राहतात आणि फळी कमी झुकते.

*

वरचं गणित उत्तम आहे. पुस्तकं ठेवणार असाल तर मात्र रुंदीचा पुन्हा विचार करा. माझ्याकडे सगळी जाडजूड पुस्तकं, त्यामुळे आधी एका कप्प्यात मावतील तेवढी खोक्यात भरून वजनकाट्यावर ठेवली आणि मगच मापं ठरवली.

दर फुटाला वजन तेवढंच असेल तर फळीचं झुकणं तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. अंतर दुप्पट, तर झुकणं सोळा पट! उलट ९०० मिमीचं अंतर ६०० वर आणलं की झुकणं साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून १२ मिमीच्या जागी १८ मिमी घेतला की फळी एक-तृतीयांशापेक्षाही कमी झुकते. मी अंतर ६०० च ठेवलं. कपडे, खेळणी, रिकामे डबे असतील तर ८०० ला काहीच हरकत नाही.

रुंद फळी हवीच असेल तर पुढच्या कडेला ४० मिमीची लाकडी पट्टी उभी चिकटवा. फळीची ताकद लगेच वाढते आणि प्लायचे थरही झाकले जातात.

*

सांध्याबद्दल लिहितो. बाजूच्या पाटातून फळीच्या कडेत स्क्रू मारताना तो नेमका प्लायच्या थरांमध्ये घुसतो. आधी भोक पाडलेलं नसेल तर थर फाकतात. ४ मिमीच्या स्क्रूसाठी कडेत ३ मिमीचं भोक, स्क्रू ५० मिमी लांब, असं मी केलं. गोंदाचा पहिला हात कड पिऊन टाकते. तो थोडा मुरू द्यायचा आणि मग दुसरा द्यायचा.

राउटर (लाकडात खाच पाडायचं मशीन) हाताशी असेल तर बाजूंना ६ मिमी खोल खाचा घ्या. फळी खाचेत बसली की सगळं वजन स्क्रूवर येत नाही. मात्र फळी ७७६ मिमीची कापावी लागेल. एका पट्टीतून तरीही तीन निघतात.

*

पाठ लावा! पाठीमागे काही नसेल तर फळ्या कितीही जाड असोत, मांडणी डावी-उजवीकडे हलतेच. ६ मिमीचा प्लाय पुरतो. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजायचे. १८०० बाय ८०० ला दोन्ही १९७० च्या आसपास आणि एकमेकांशी बरोबर सारखे यायला हवेत. मग पाठ ठोकायची. पाठ नको असेल तर उरलेल्या तुकड्यांतून काटकोनी त्रिकोण कापून मागच्या कोपऱ्यांत लावता येतात.

*

मी छोटे काप घरीच जिगसॉने, म्हणजे उभं पातं वर-खाली होणाऱ्या विजेच्या छोट्या करवतीने घेतले. तिचं पातं बहुधा खालून वर कापतं, त्यामुळे वरच्या बाजूला चिपा उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची, कापाच्या रेषेवर मास्किंग टेप लावायची आणि सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिला टेकवून मशीन चालवायची. हातकरवतीला नेमकं उलट, चांगली बाजू वर. मास्क मात्र हवाच. प्लायच्या भुशात लाकडाबरोबर गोंदही असतो.

घासण्यात मला खरा आनंद मिळाला. आधी १२० नंबरचा काचकागद, मग २२०, आणि कडांचे कोपरे हलके मोडायचे. हात फिरवला की कुठे राहिलंय ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.

*

घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी. मुलं कप्प्यांना पायऱ्या समजून चढतात. माणसाएवढी उंच आणि ३०० मिमी खोल मांडणी एवढ्यानेही पुढे येऊ शकते. वरच्या फळीजवळ दोन्ही टोकांना एल-पट्टी लावून भिंतीत प्लग आणि स्क्रूने पक्की करा, जड वस्तू खाली ठेवा. आमच्याकडे मांडणी सामान भरण्याआधी भिंतीला बांधली गेली. फरशीला उतार असेल तर पाणसळ लावून पायाखाली पाचर द्या आणि मगच भिंतीची भोकं आखा.

*

ओलसर जागेत ठेवणाऱ्यांनी बाजूंच्या खालच्या कडांना वार्निशचे दोन-तीन हात द्यावेत, कारण पाणी प्लायमध्ये मुख्यतः कडेतून शिरतं. आम्ही खाली रबरी बूटही लावले. बाल्कनीत, थेट पावसाच्या झडीत कुणी प्लायची मांडणी ठेवली असेल तर कुठला प्लाय घेतला आणि कडा कशा बंद केल्या ते नक्की लिहा. मला पुढची तिथेच करायची आहे.