चासीची उंची राखणारे व्हॉल्व्ह : तीन ठेवावेत की चार?

भटकंती_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. प्रवासी वाहतुकीतून काढलेली, मागे इंजिन असलेली १२ मीटर लांबीची बस घेऊन तिचे मोटरहोम करण्याचे काम आम्ही सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका शेडमध्ये करीत आहोत. गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे चासी पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर तोललेली आहे. मागच्या अॅक्सलवर चार बलून आणि दोन्ही बाजूंना एकेक लेव्हलिंग व्हॉल्व्ह, तर पुढे दोन बलून आणि त्या दोघांसाठी मिळून एकच व्हॉल्व्ह अशी मूळची रचना आहे. उजव्या बाजूला ४०० लिटरची पाण्याची टाकी आणि स्वयंपाकाचा ओटा आल्यामुळे ती बाजू जड झाली आहे.

अडचण अशी की, रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटे खाली बसलेली आढळते; इंजिन सुरू करून हवा भरली की थोड्या वेळात पुन्हा समपातळीवर येते. आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, पुढेही दोन व्हॉल्व्ह बसवावेत, म्हणजे चारही कोपरे स्वतंत्र होतील आणि जड कोपऱ्याला हवी तेवढी हवा मिळेल. तसे करण्यापूर्वी हा व्हॉल्व्ह नेमके काय मोजतो आणि काय करतो, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ट्रॅव्हल्स_गॅरेज

दादा, आधी व्हॉल्व्हचे काम पाहू, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही आणि दाबही मोजत नाही. तो फक्त चासी आणि अॅक्सल यांच्यामधले अंतर पाहतो. व्हॉल्व्हचे अंग चासीला घट्ट बसवलेले असते आणि त्याची आडवी दांडी एका उभ्या लिंक रॉडने अॅक्सलला जोडलेली असते. गाडीत वजन आले की चासी खाली येते, रॉड दांडीला वर ढकलतो, आतली वाट उघडते आणि हवेच्या टाकीतली हवा बलूनमध्ये जाते. वजन उतरले की चासी वर उचलली जाते, दांडी खाली ओढली जाते आणि बलूनमधली जादा हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते. दांडी मधल्या स्थितीत असताना दोन्ही वाटा बंद असतात. प्रत्येक खड्ड्याला हवा भरणे-सोडणे सुरू राहू नये म्हणून काही व्हॉल्व्हमध्ये तेलाच्या साहाय्याने काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो, तर काहींमध्ये हवेची वाटच बारीक केलेली असते.

बलूनमध्ये दाब किती राहील हे वजन ठरवते. समजा एका बलूनचे भार पेलणारे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटर आहे आणि त्याच्यावर १५०० किलो भार आहे, तर चासी ठरलेल्या उंचीवर तोलण्यासाठी सुमारे ५ बार (१ बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो) दाब लागेल. भार १८०० किलो झाला की तोच व्हॉल्व्ह दाब ६ बारपर्यंत नेईल. म्हणजे जड कोपऱ्याला जास्त हवा देण्याचे काम तुमचे मागचे दोन व्हॉल्व्ह आजही करीतच आहेत.

आता रात्री बसणाऱ्या कोपऱ्याविषयी. हवेच्या टाकीत हवा शिल्लक असेपर्यंत, बलून गळत असला तरी व्हॉल्व्ह त्याला हवा पुरवीत राहतो आणि इंजिन बंद असतानाही तो हे काम करतो, कारण त्याला वीज लागत नाही. त्यामुळे कोपरा खाली बसला याचा अर्थ असा की, आधी सस्पेन्शनला मिळणारी हवा संपली आणि मग त्या कोपऱ्यातली हवा इतरांपेक्षा लवकर गेली. ब्रेकची हवा सस्पेन्शनने खाऊ नये म्हणून मध्ये एक संरक्षक व्हॉल्व्ह असतो. दाब साधारण साडेचार ते सहा बारच्या खाली गेला की तो सस्पेन्शनची वाट बंद करतो. हे पाहता गळती एकाच जागी आहे असे गृहीत धरू नका. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रथम हवेच्या दाबाचे गेज पाहा.

तपासणी साबणाच्या पाण्याने करावी. बलूनच्या घड्या, वरची प्लेट, नळीचे जॉइंट आणि व्हॉल्व्हचे खालचे तोंड, या सर्व ठिकाणी पाणी लावा. त्यानंतर लिंक रॉड सोडून दांडी हाताने हलवून पाहा : वर केल्यावर हवा भरली पाहिजे, खाली केल्यावर सुटली पाहिजे आणि मधे ठेवल्यावर खालच्या तोंडावर एकही बुडबुडा दिसता कामा नये. मधल्या स्थितीतही बुडबुडे येत असतील तर व्हॉल्व्हच्या आतील बैठक खराब झाली आहे किंवा तिच्यात घाण अडकली आहे. आपल्याकडच्या धुळीत आणि ड्रायरकडे (हवेतला ओलावा काढणाऱ्या भागाकडे) दुर्लक्ष झालेल्या गाड्यांत हा प्रकार नेहमी दिसतो. तेल आणि पाणी मिसळलेली हवा नवा व्हॉल्व्हही फार दिवस टिकू देत नाही.

मात्र चासीखाली भक्कम घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्याशिवाय यातले एकही काम करू नये. बलूनमधून हवा गेली की चासी काही क्षणांत खाली येते, आणि खाली निजलेल्या माणसाला सरकायलाही वेळ मिळत नाही. हायड्रॉलिक जॅकवर विसंबून कोणी खाली शिरत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

यंत्रशाळा

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून चौथ्या व्हॉल्व्हविषयी लिहितो. तो बसवू नये, आणि त्याचे कारण भूमितीचे आहे. तीन बिंदू मिळून एक प्रतल ठरते. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. तिपाई कशाही जमिनीवर न डुगडुगता उभी राहते आणि चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी घालावी लागते, तसेच हे आहे. चार कोपऱ्यांना चार व्हॉल्व्ह दिले आणि त्यातल्या एकाचा रॉड थोडा जरी लांब असला किंवा एक चाक उंचवट्यावर असले, तर तो कोपरा हवा घेऊ लागतो, शेजारचे दोन कोपरे उचलले जाऊन हवा सोडू लागतात आणि समोरचा तिरका कोपरा पुन्हा हवा घेतो. हा झगडा कुठे थांबेल याचा नेम नाही. भार दोन तिरप्या बलूनवर एकवटतो, चासीला पीळ पडतो आणि कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही.

तुमच्या मूळ रचनेत मागचे दोन व्हॉल्व्ह मागची उंची आणि डावी-उजवी बाजू सांभाळतात, तर पुढचा एकटा व्हॉल्व्ह फक्त पुढची सरासरी उंची राखतो. पुढचे दोन्ही बलून एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे त्यांच्यातला दाब समान होतो. म्हणजे उजव्या बाजूचा जादा भार प्रामुख्याने मागच्या उजव्या बलूननाच पेलावा लागतो, आणि तुमचा तोच कोपरा आधी बसतो यात मला आश्चर्य वाटत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : गाडी समपातळीवर उभी आहे म्हणजे तिचा भार समान वाटला गेला आहे, असे मुळीच नाही. व्हॉल्व्ह उंची सारखी करून देतो, पण टायरवरचे जादा वजन तिथेच राहते. उलट पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत जो कल डोळ्यांना दिसला असता, तो येथे झाकला जातो. म्हणून पाण्याची टाकी पूर्ण भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि आधी प्रत्येक अॅक्सलचे, मग जमत असेल तर प्रत्येक बाजूचे वजन करून घ्यावे. चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरात मालमोटारींसाठी काटे आहेत. बाजूचे वजन करताना काट्याबाहेरची जमीन काट्याशी समतल असली पाहिजे, एवढे पाहावे. माझे मत विचाराल तर चौथ्या व्हॉल्व्हवर खर्च करण्याऐवजी पाण्याची टाकी चासीच्या मध्यरेषेवर आणावी.

भटकंती_सोलापूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे घोड्या लावून तपासणी केली. सकाळी गेजवर दाब जवळजवळ शून्य होता. मागच्या उजव्या व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडावर दांडी मधे असतानाही बुडबुडे येत होते, शिवाय एका बलूनच्या जॉइंटलाही बारीक गळती सापडली. पाण्याची टाकी मध्यरेषेवर घेण्याचा विचार आता पक्का आहे. दोन शंका उरल्या आहेत. नवा व्हॉल्व्ह बसवताना उंची कशी लावावी? आणि तुळजापूर घाटाच्या बाजूला एखाद्या उतारावर मुक्काम केला, तर हेच व्हॉल्व्ह गाडी सपाट करतील का?

ट्रॅव्हल्स_गॅरेज

व्हॉल्व्ह घेताना दांडीची लांबी, म्हणजे मधल्या खिळीपासून रॉडच्या छिद्रापर्यंतचे अंतर, जुन्याइतकेच ठेवा. २०० मिलिमीटरच्या दांडीचे टोक १ अंशाला सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकते. दांडी आखूड केली तर व्हॉल्व्ह उतावळा होतो आणि लांब केली तर आळशी. रॉडच्या टोकांचे रबर सैल असेल तर तेही त्याच वेळी बदला, नाहीतर लावलेली उंची टिकणार नाही.

उंची लावताना गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा आणि हवेच्या टाकीत पूर्ण दाब असावा. चासी बनवणाऱ्या कंपनीने ज्या दोन बिंदूंमधले अंतर दिले आहे तेच मोजावे. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावून उपयोग नाही. रॉड लांब केला की गाडी वर येते, आखूड केला की खाली जाते. व्हॉल्व्हला मधे थोडा निष्क्रिय पट्टा (दांडी किंचित हलली तरी हवा न भरणारा, न सोडणारा भाग) असल्यामुळे प्रत्येक बदलानंतर हवा सोडून, पुन्हा भरून, खालून वर येताना मोजावे, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतील. दिसायला बरी म्हणून गाडी उंच ठेवू नये, कारण त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि चाक खड्ड्यात खाली जाताना शॉकअब्सॉर्बरला आणखी लांबायला वाव उरत नाही.

यंत्रशाळा

उताराच्या शंकेचे उत्तर नकारार्थी आहे. व्हॉल्व्ह चासीला अॅक्सलशी समांतर ठेवतो. जमीन तिरपी असेल तर अॅक्सल तिरपा, आणि त्याबरोबर बिछानाही तिरपा. शिवाय मुक्कामात माणसे या बाजूने त्या बाजूला फिरत राहिली की व्हॉल्व्ह थोडीथोडी हवा खर्च करीत राहतो. म्हणून मुक्कामासाठी या व्हॉल्व्हची वाट तात्पुरती बंद करणारे सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि हाताने हवा भरण्या-सोडण्याची वेगळी सोय करतात किंवा चासीला लेव्हलिंग जॅक लावतात. सोलेनॉइड बसवल्यास निघण्यापूर्वी ते पूर्ववत झाल्याचे दाखवणारा दिवा चालकासमोर अवश्य द्यावा.

जॅक लावल्यास आधी बलूनमधली हवा उतरवून मगच चासी उचलावी आणि चाके जमिनीवरून सुटू देऊ नयेत. चासी वर गेली की दांडी खाली ओढली जाऊन व्हॉल्व्ह उरलेली हवाही सोडून देतो. अशा वेळी जॅक काढून घेतला तर गाडी थेट बंप स्टॉपच्या रबरावर बसते. म्हणून निघताना जॅक काढल्यावर इंजिन चालू ठेवून तिन्ही व्हॉल्व्ह गाडी ठरलेल्या उंचीवर आणेपर्यंत थांबावे, आणि मगच गिअर टाकावा.